हजेरीत नसलेली मुलगी

ती घटना आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं. बायको विचारते, "काय, पुन्हा दाराबाहेर उभे का?" तिला ही हकिगत पाठ आहे. तुम्हाला नाही, म्हणून सांगतो. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही.

टाळेबंदीचे दिवस होते. मी नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. शाळांना कुलूप, वर्ग मोबाइलवर. सोमवारी सकाळी ठाणे अंमलदार केबिनमध्ये आला.

"साहेब, एक मॅडम आल्यात. बसा म्हटलं तर बसत नाहीत."

गंगापूर रोडवरच्या एका शाळेत दहावी 'ब'ला गणित शिकवणाऱ्या बाई. मध्यम उंची, तोंडाला मास्क, हातात प्लास्टिकचं फोल्डर. त्यांनी माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक स्वतःच्या अक्षरात लिहिलेली फिर्याद. दुसरा टाइप केलेला राजीनामा, खाली सहीपुरती जागा कोरी.

"हा शाळेने तयार करून दिलाय," त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंत सही करून द्यायची आहे. तुम्ही पहिला कागद घेतलात तर दुसरा मी फाडणार. नाही घेतलात तरी फाडणारच आहे. पण घेतलात तर बरं."

तेव्हा कुठे त्या बसल्या.

झालं होतं असं. शुक्रवारी बीजगणिताचा तास चालू असताना वर्गात एक जास्तीचं नाव शिरलं आणि दुसऱ्या क्षणी सगळ्यांच्या पडद्यावर अश्लील चित्रफीत सुरू झाली. बाईंना ती बंद करता येईना. शेवटी त्यांनी वर्गच बंद केला, पण तेवढ्यात एका घरातून कोणीतरी त्याचं चित्रण केलं होतं. कोपऱ्यात बाईंचा गोंधळलेला चेहरा आणि बाकी पडदाभर ती घाण. संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या शहराच्या फोनवर होतं. संस्थाचालकांना कोणीतरी बळी हवाच होता, आणि बाई समोर दिसत होत्या.

"तुमची काहीच चूक नाही?" मी मुद्दाम खोचक विचारलं.

"आहे ना. पहिल्या दिवसापासून एकच लिंक वापरली. कोणी आत येताना विचारपूस नाही, कोणीही आपला पडदा दाखवू शकेल अशी सोय. दार उघडं मी ठेवलं, त्याबद्दल मी पालकांची माफी मागितली. पण घाण मी टाकली नाही. त्याची माफी मागणार नाही."

मी गुन्हा दाखल केला. वरिष्ठांचा फोन आला. "अहो, पोरांचा चावटपणा आहे. मागच्या बाकावरची दोन कार्टी बोलवा, दम द्या, मिटवा." मी म्हणालो, "सर, ऑनलाइन वर्गाला मागचा बाक नसतो." फोन आपटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

ॲप चालवणाऱ्या कंपनीला पत्र गेलं. त्यांचं उत्तर यायला काही आठवडे लागणार होते. शनिवार पाच दिवसांवर होता. तेव्हा जुन्याच पद्धतीने, माणसांशी बोलून, शोध घ्यायचं ठरवलं.

त्या घुसखोराने वर्गात शिरताना एका मुलीचं पूर्ण नाव लिहिलं होतं. आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. ही मुलगी नववीनंतर शाळा सोडून गेली होती. तिचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात लागले आणि घर तिकडेच हललं. आमची महिला हवालदार ओझरला जाऊन आली. मुलगी त्या वेळी तिच्या नव्या शाळेच्या ऑनलाइन तासाला हजर होती आणि तिथल्या बाईंनी तिला नेमकं तेव्हाच पडद्यावरचं गणित वाचायला सांगितलं होतं. तिचा संबंध नव्हता.

मग दहावी 'ब'ची मुलं एकेक करून बोलावली. पालकांसमोर, साध्या कपड्यांत, चहा-बिस्किटं देऊन. मुलांना दम देऊन खरं मिळत नाही, फक्त रडू मिळतं. चौथी एक मुलगी आली, सोबत टेम्पो चालवणारे वडील. खुर्चीत बसायच्या आधीच वडील म्हणाले, "साहेब, पोरगी लय बोलती. पण खोटं नाय बोलत."

"बोल," मी म्हणालो.

"सर, आमच्यातलं कोणी नाहीये ते."

"कशावरून?"

"आम्ही कोणी असं नाव लिहितो का? मी पप्पांच्या फोनवरून येते, त्यावर 'जय मल्हार टेम्पो सर्व्हिस' दिसतं. एकाचं नुसतं बदामाचं चिन्ह आहे. एक तर स्वतःला 'किंग' म्हणवतो, त्याला गणितात सात मार्क आहेत."

"सात नाय, नऊ," वडील म्हणाले. "त्याचा बाप सांगत होता."

"आणि ती ओझरला गेली हे अख्ख्या वर्गाला माहितीये. तिचं नाव घेऊन आत आलं तर लगेच पकडलं जाणार ना? आमच्यातला कोणी इतका येडा नाही. आडनाव आधी, नाव मग, वडिलांचं शेवटी, असं फक्त हजेरीत असतं."

मी त्या मुलीला दोन बिस्किटं जास्त दिली.

हजेरीपट! ज्याला ती मुलगी शाळा सोडून गेलेली माहीत नव्हतं आणि ज्याच्यासमोर गेल्या वर्षीचा हजेरीपट होता, असा माणूस. शाळेच्या लिपिकाला फोन लावला. नववी 'ब'चा जुना हजेरीपट कुठे आहे? उत्तर आलं, तो वर्गशिक्षकांनी टाळेबंदीआधी घरी नेला तो परत आलाच नाही. नववी 'ब'चे वर्गशिक्षक कोण? शाळेचे पर्यवेक्षक. अनेक वर्षांची नोकरी, कडक शिस्त, निवृत्ती जवळ आलेली. आणि लिपिक आणखी एक बोलला: "सर ऑनलाइन तासाला, मीटिंगला घरून येत नाहीत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी त्यांना जोडून देतो. त्यांना ते जमत नाही."

ऑफिसमध्ये जमत नव्हतं, हे मी टिपून ठेवलं.

आता जरा नाटक लागणार होतं, आणि नाटकाला मी कधी नाही म्हणत नाही. मी संस्थाचालकांना सांगून गुरुवारी दुपारी सगळ्या शिक्षकांसाठी कार्यशाळा लावली. विषय, ऑनलाइन वर्गाची सुरक्षितता. हजेरी सक्तीची. शाळेचं ऑफिस फवारणीसाठी बंद, प्रत्येकाने घरून, आपापल्या फोनवरून यायचं. पर्यवेक्षकांच्या सोसायटीखाली आमचा हवालदार दोन पंच घेऊन उभा राहिला. मी कडक इस्त्रीचा गणवेश घालून कॅमेऱ्यासमोर बसलो, खाली चपला.

मी प्रतीक्षा कक्ष सुरू ठेवला होता. म्हणजे येणारा बाहेर थांबतो, त्याचं नाव मला दिसतं आणि मी दार उघडलं तरच तो आत येतो. एकेकाचं नाव मोठ्याने वाचून मी आत घेत होतो. मुख्याध्यापिका आल्या. चित्रकलेचे सर आले. गणिताच्या बाई आल्या, ताठ बसल्या. संगीताच्या मॅडम मागे कुकरच्या शिट्टीसकट आल्या.

आणि मग दाराशी एक नाव उभं राहिलं. आडनाव, मुलीचं नाव, वडिलांचं नाव.

ॲपला एक वाईट खोड असते. तुम्ही एकदा जे नाव लिहिता ते फोन लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच मांडून बसतो. ज्याला आपलं नाव बदलायचं कसं हेच माहीत नाही, त्याच्या लक्षात ही खोड येत नाही.

मी ते पूर्ण नाव वाचलं, स्वच्छ, सावकाश. "ये, बाळ, ये. ओझरहून आलीस का?" आणि आत घेतलं.

आधी छताचा पंखा दिसला. मग अर्धं कपाळ. मग एक पांढरी भुवई. पर्यवेक्षक. तीस चौकटींत तीस चेहरे गोठले. कुकरसुद्धा गप्प झाला.

"साहेब, हे... फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे."

"बिघाड नाही, सर. फोनची स्मरणशक्ती उत्तम आहे."

तेवढ्यात गणिताच्या बाईंनी माईक सुरू केला. आवाज अगदी शांत होता.

"सर, कॅमेरा सरळ धरा. तीन आठवडे सांगतेय."

दोन मिनिटांत हवालदाराने बेल वाजवली आणि पंचांसमक्ष फोन ताब्यात घेतला. चित्रफीत त्याच फोनमध्ये होती. पुढे कंपनीचं उत्तर आलं, तेही त्यांच्याच घरच्या इंटरनेट जोडणीवर बोट ठेवणारं.

जबाबात त्यांनी सगळं कबूल केलं. मग म्हणाले, "माझ्या तासाला वर्ग चिडीचूप असायचा. पहिल्या ऑनलाइन तासाला मी चाळीस मिनिटं शिकवलं आणि शेवटी कळलं, माझा माईक बंद होता. पुढच्या तासाला आलेल्या त्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा सगळी पोरं हसली. वर्गाची लिंक माझ्याकडे होतीच. मला वाटलं, तिचा वर्ग बुडाला की हे सगळं बंद पडेल आणि आम्ही परत फळ्यासमोर जाऊ."

मला त्यांची कीव आली, अर्धं मिनिट. मग त्या पडद्यापुढे बसलेली मुलं आठवली. शिकायला आठवडे पुरले नाहीत त्या माणसाला सूड घ्यायला एक दुपार पुरली होती. मी जबाबावर त्यांची सही घेतली आणि दोषारोपपत्राच्या तयारीला लागलो.

सगळ्यांसमोर असं उघडं पाडायला नको होतं, असं नंतर वरिष्ठांनी सुनावलं. शक्य आहे. त्या बाईंचा चेहरा मात्र अर्ध्या शहरासमोर फिरला होता आणि तेव्हा कोणालाच काही सुनावावंसं वाटलं नव्हतं. संधी मिळाली तर पुन्हा तसंच करीन.

शनिवारी बाईंनी राजीनाम्याचे चार तुकडे करून संस्थाचालकांच्या टेबलावर ठेवले. ते म्हणाले, झालं गेलं विसरा, काही दिवस वर्ग बंद ठेवू. बाई म्हणाल्या, "सोमवारी अकराला बीजगणित आहे."

सोमवारी अकराला मला राहवेना. नवी लिंक तपासाच्या कागदांत होतीच. म्हटलं, बघू तरी वर्ग कसा चाललाय. मी ऐटीत नाव लिहिलं, 'पोलीस निरीक्षक, सायबर', आणि दार ठोठावलं.

पडद्यावर आलं, कृपया थांबा. मी थांबलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. ठाणे अंमलदार सही घ्यायला आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

"साहेब, घेईनात का आत?"

आयुष्यभर मी लोकांना ठाण्यात ताटकळत ठेवलं होतं, आणि दारामागे बसलेल्याला बाहेरच्याचा हुद्दा दिसत असूनही दार बंद ठेवावं लागतं, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. गणवेशाला, ओळखीला, मोठ्या नावाला जे दार उघडतं, तेच उद्या हजेरीपट बघून लिहिलेल्या नावालाही उघडतं.

बाराव्या मिनिटाला बाईंचा निरोप उमटला.

'साहेब, तुमचं नाव हजेरीत नाही. तास संपला की फोन करते.'

आणि मला बाहेर काढण्यात आलं. मी उभा राहिलो, त्या काळ्या पडद्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि दोन चहा मागवले.