येळवशीच्या दिवशी चर्चासत्र

हणमंतराव,

निमंत्रणपत्रिका मिळाली. कागद गुळगुळीत, अक्षर ठळक, तुमचा फोटो तुमच्या केसांच्या काळातला. 'शेजारी देश : राजकारण, व्यापार आणि बदलता समाज.' स्थळ उदगीर. इथवर झकास. आता सांगा, तारीख कुणी काढली? त्या दिवशी येळवस आहे. तुम्हा नांदेडच्या शहाण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी अख्खा लातूर जिल्हा रानात जेवायला जातो. दुकानं बंद, धान्याचा मोंढा बंद, गावात कुत्रं दिसत नाही. तुमची भाषणं ऐकायला किल्ल्याचे बुरूज येतील तेवढे. मी डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला काय गेले, तुम्ही घोळ घालून मोकळे. फोन करा. आणि येताना माहूरच्या देवीचा तांबूल आणा. त्यासाठी माझा डबा तुम्हाला देऊनसुद्धा आता वर्षं लोटली.

लता बिरादार

हे सगळं लताबाईंनी मोबाईलवर एका बोटाने टाइप करून पाठवलं आणि चहाचा कप उचलला. पहिला घोट घेतात तोच फोन.

"लताबाई, मेलो! काठमांडूचे अन् कोलंबोचे पाहुणे हैदराबादला उतरलेसुद्धा!"

"मग त्यांना आणा की. मरताय कशाला?"

हणमंत हदगावकर आणि लताबाई नांदेडला एम.ए.ला एका वर्गात होते. लताबाई उदगीरला येऊन अर्थशास्त्र शिकवत राहिल्या आणि निवृत्त झाल्या. हणमंतराव राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण थांबले नाहीत. नांदेडच्या कॉलेजात जिन्याखालच्या खोलीत ते शेजारी देशांचं अभ्यासकेंद्र चालवत होते. सकाळी उठून काठमांडू, ढाका, कोलंबो इथली वर्तमानपत्रं वाचायची, मग दात घासायचे. कांद्याची निर्यात बंद झाली की ढाक्यात काय होईल हे भाजीवालीला समजावल्याशिवाय ते मेथीची जुडी उचलत नसत. पोरं त्यांना परराष्ट्रमंत्री म्हणायची. आणि या परराष्ट्रमंत्र्याचा पासपोर्ट कोरा करकरीत! एकदा नेपाळला म्हणून निघाले, सरहद्दीवरच्या रक्सौलपर्यंत गेले आणि परीक्षेच्या ड्युटीचा निरोप आला म्हणून माघारी वळले. नियम म्हणजे नियम.

आता त्यांची ती खोली जायची वेळ आली होती. संस्थेचे अध्यक्ष चंद्रप्पा पाटील उदगीरकडचे. त्यांनी कळवलं होतं, हे चर्चासत्र नीट झालं तर केंद्र राहील, नाही तर तिथे झेरॉक्स मशीन बसेल. हणमंतरावांना खोलीच्या काळजीने जेवण गोड लागेना. बर्माची तूर उदगीरच्या डाळमिलींत येते, म्हणून त्यांनी मुद्दाम उदगीर निवडलं. फक्त पंचांग बघितलं नाही.

"पण अध्यक्षांच्या पीएनं लिहिलंय," हणमंतराव फोनवर सांगू लागले, "की साहेब त्या दिवशी उदगीर भागातच असतील."

"असणारच! स्वतःच्या रानात, भज्जी खात."

बोलता बोलता लताबाईंना युक्ती सुचली. मग म्हणाल्या, "हणमंतराव, पाहुण्यांना चप्पल घालून यायला सांगा. बूट चिखलात जातील."

अमावस्येला त्यांनी दोन्ही पाहुणे आणि हणमंतराव यांना जीपमध्ये कोंबलं आणि थेट चंद्रप्पांच्या रानात नेऊन उतरवलं. येळवशीला दारी आलेल्याला कुणी नको म्हणत नाही, हे लताबाईंना पक्कं ठाऊक होतं. ज्वारीत कडब्याची खोपटासारखी कोप उभी, पूजा झालेली, मडक्यात आंबील. चंद्रप्पा धोतर खोचून पंगतीत वाढत होते. परदेशी पाहुणे बघून त्यांच्या हातातला बाजरीचा उंडा खाली पडला.

"साहेब, चर्चासत्र आणलंय," लताबाई म्हणाल्या. "तुमच्याकडंच भरवावं म्हटलं."

चंद्रप्पांनी हणमंतरावांकडे निरखून पाहिलं. "सर, बर्माची तूर कवा येती ते तुम्हाला कळतंय, अन् येळवस कवा येती ते न्हाई?"

"आमच्या हदगावकडं येळवस नसते हो," हणमंतराव पुटपुटले.

"बसा आधी. उपाशी माणसासंगं बोलत न्हाईत."

काठमांडूच्या सरिता मॅडम हिंदी बोलत होत्या, त्यांचं लगेच जमलं. चंद्रप्पांच्या बायकोने, धोंडाबाईंनी, त्यांना आपल्याशेजारी बसवून घेतलं. "खाव बाई, शरमाव नको. तुमच्याकडची पोरं कहाँ जाते?"

"कतार, मलेशिया."

"आमची पुण्याला. म्हंजे रान बायांनीच बघायचं, तिकडं बी अन् इकडं बी!"

कोलंबोचे निहाल सर भज्जीतले, म्हणजे येळवशीच्या मिश्र भाजीतले, तुरीचे हिरवे दाणे निरखून खात होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, बाहेरची तूर आलेली तुम्हाला चालते का? लताबाईंनी मराठी केलं. चंद्रप्पा उसळले.

"अजिबात न्हाई! माझी तूर मोंढ्यात जाती अन् तवाच बर्माची गाडी येती. भाव पाडला की न्हाई? बंद करा म्हणावं!"

हणमंतरावांच्यातला मास्तर जागा झाला. भीड विसरून ते म्हणाले, "साहेब, पण तुमची डाळमिल? उन्हाळ्यात ती कशावर चालते?"

चंद्रप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "ते... मिलीला तर लागतीच की बर्माची. ती यायलाच पाहिजे."

धोंडाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "असंच करायलेत जी. सकाळी रानात बर्माला शिव्या, दुपारी मिलीत बर्माला रामराम! म्या म्हंते, आधी रानवाल्यानं अन् मिलवाल्यानं घरातल्या घरात बोलून घ्या."

सगळी पंगत हसली. निहाल सरांना तर्जुमा करून सांगितलं, तेही मागून हसले. मग हणमंतराव सुटले. सरकार बदललं की कुठल्या बंदरात काय अडकतं, कोलंबोत डाळ महागली तेव्हा घरोघरी काय शिजलं, असं बोलत राहिले. गडी, पाहुणे, शेजारच्या रानातले लोक, सगळे कोपीभोवती गोळा झाले. लताबाईंनी मनात कबूल केलं, गडी बोलतो मात्र चांगला. आवरत नाही, हा दोष सोडला तर.

उन्हं कलली तसे चंद्रप्पा उठले. "सर, खोली राहू द्या तुमची. झेरॉक्स दुसरीकडं बसवू. पण पुढच्या बारीला तारीख बाईंला इचारून."

हणमंतरावांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

परतताना जीपमध्ये लताबाईंनी हात पुढे केला. "तांबूल?"

"अरे! गडबडीत राहिलाच."

सरिता मॅडमनी पुढे त्यांना काठमांडूला बोलावलं. या खेपेला हणमंतराव रक्सौलच्या पुढे गेले. सरहद्द ओलांडल्यावर पहिला फोन लताबाईंना. "आलो हो! बोला, तुमच्यासाठी काय आणू?"

"माहूरचा तांबूल."

"पुढच्या खेपेला नक्की!"

माहूर त्यांच्या हदगावाहून जवळच आहे. लताबाईंचा डबा अजून नांदेडलाच आहे. हणमंतरावांची बायको त्यात जिरं ठेवते.