ढिगाऱ्यावरचा कोंबडा

यमुताई नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत दुसरीला शिकवत. चित्रकलेशी त्यांचं कधी जमलंच नाही. त्यांनी फळ्यावर काढलेली गाय बकरीसारखी दिसे आणि पोरं ते तोंडावर सांगत. तरी जयवंता नावाच्या एका मुलीसाठी त्यांनी ब्रश हातात घेतला.

जयवंताचे वडील कोयनेला धरणाच्या कामावर होते. भूकंपात घर गेलं, माणसं तेवढी वाचली आणि सगळे नागपूरला मामाकडे आले. शाळेत नाव घातलं, पण पोरगी वर्गात पाऊल ठेवीना. डोक्यावर छत आलं की ती थरथर कापे. पाटी घेऊन पटांगणातल्या कडुनिंबाखाली बसे.

"उन्हाळा तोंडावर आला, बाई," हेडमास्तर वामनराव म्हणाले. "झाडाखाली किती दिवस चालणार? परीक्षेआधी आत बसली नाही तर मी नाव काढून टाकीन."

तिची भीती घालवील असं गोष्टीचं पुस्तक शोधत यमुताईंनी दुकानं पालथी घातली. चित्रांच्या पुस्तकांत राजे होते, ससे होते, बोलणारे पोपट होते. भूकंप कुठेच नव्हता. शेवटी जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी स्वतःच चित्रं काढली. धरतीमाय कूस बदलते, भांडी खणखणतात, घर जरा डुलतं, आई मुलीला पोटाशी घेते. संपलं. यजमानांनी, गोपाळरावांनी, दाभणानं पानं शिवून दिली.

"भूकंप आहे की पाळणा वं हा?" ते म्हणाले.

निंबाखाली जयवंतानं सगळी पानं उलटून पाहिली.

"घर काहून नाही पडलं, बाई?"

"तू भिशील म्हणून."

"मी तर पाह्यलं ना पडताना! तुम्हीच भिऊन राहिल्या."

यमुताई तिथंच मातीत बसल्या. "सांग मग. कसं पडलं?"

जयवंता सांगू लागली. अंधार, आत आलेली भिंत, नाकातोंडात धूळ, आईच्या हाका. सांगता सांगता तिला एकदम हसू फुटलं. उजाडताना पत्र्यांखालून त्यांचा कोंबडा निघाला होता, धुळीनं पांढराफटक. ढिगाऱ्यावर चढून त्यानं अशी बांग दिली, की रडता रडता आईसुद्धा हसली.

यमुताईंनी पुस्तक नव्यानं काढलं. या खेपेला घर पाडलं, अगदी भुईसपाट. शेवटच्या पानावर भला मोठा कोंबडा.

दुसऱ्या दिवशी निंबापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते वर्गात वाचलं. "आणि मग कोंबडा ढिगाऱ्यावर चढला. बांग कशी दिली असेल?"

पोरं सुटली. कोणी मांजरासारखं ओरडलं, कोणी रेल्वेची शिटी वाजवली. बाहेर पाटी आपटल्याचा आवाज आला आणि जयवंता दारात उभी.

"असा नाही गा! मान वर करा लागते!"

ती तरातरा आत आली, बाईंच्या स्टुलावर चढली, मान ताणली आणि अशी खणखणीत बांग दिली, की पोरं आ वासून बघत राहिली. मग सगळा वर्ग तिच्यासारखी मान ताणून आरवू लागला. वर छताकडे पाहिलं ते फक्त यमुताईंनी.

वामनराव ऑफिसातून धावत आले. "कोंबडा कोणी आणला शाळेत?"

"आपल्याच शाळेचा आहे, गुरुजी," हसू दाबत यमुताई म्हणाल्या. "नाव तेवढं राहू द्या."