शोभेचा गोंडा

सायकल चालवताना पाय पेडलवर असावेत, ही साधी अपेक्षा आमच्या घरात एकदा फारच मनावर घेतली गेली.

सायकल मूळची माझी नव्हे. यजमानांना डॉक्टरांनी साखरेचे भय घातले, तेव्हा त्यांनी भंडाऱ्याहून एकवीस गिअरची सायकल आणली, चार दिवस पवनीच्या गल्ल्यांतून अत्यंत गंभीर चेहऱ्याने फिरवली आणि पाचव्या दिवशी मला अर्पण केली. (“तुले तसाही निसर्ग आवडते,” हे वर.) मी आसगावच्या शाळेत मराठी शिकवते. आठवड्याचे सहा दिवस त्या रस्त्यावरच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, बसच्या खिडकीतून पाहते. सातव्या दिवशी त्या वासासकट पाहाव्यात, म्हणून मी दर रविवारी सायकलने निघू लागले.

अडचण एवढीच होती की माझे बूट साधे, कापडी. सकाळच्या दवाने त्यांचे तळवे भिजले की पाय पेडलवरून घसरत आणि पेडल फिरून माझ्या नडगीवर येई. यजमानांनी मोबाइलवर अभ्यास केला. मोठ्या शहरांतले सायकलस्वार म्हणे पेडलमध्ये अडकणारे खास बूट घालतात. ते परवडत नसतील तर साध्या बुटांवरून पट्टे बांधावेत, म्हणजे पाय खाली जाताना लागतो तसा वर येतानाही जोर लागतो. ही वाया जाणारी अर्धी शक्ती वाचवण्याची कल्पना त्यांना इतकी पटली की (स्वतः सायकलवर बसायचे नसल्यामुळे) त्यांनी तत्काळ नायलॉनचे पट्टे मागवले.

पट्टे आले आणि मामाजींच्या हाती पडले. मामाजी म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर त्यांनी मागावर कोशाच्या टसर रेशमाची लुगडी विणली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मात्र तीन वर्षे त्यांनी मागाला हात लावला नव्हता. डोळे स्वच्छ झाले होते, पण मन लागत नव्हते. मागावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोधड्या रचून ठेवत. मामाजींनी नायलॉनचा पट्टा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून घासला, कानाशी नेला आणि खाली ठेवला.

“याले पट्टा म्हणते?” ते म्हणाले. “यानं त बकरीबी नाई थांबाची.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मला मागाच्या आवाजाने जाग आली. धोटा इकडून तिकडे धावत होता, फणी थपथपत होती, आणि तीन वर्षे मुक्या असलेल्या खोलीत घराची नाडी पुन्हा सुरू झाली होती. आत्याबाई गोधड्या छातीशी धरून दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. तोंड मात्र मोकळे होते.

“तीन वर्षं मी म्हणून राहिली का माग सुरू करा, त नाई. सुनेचे पाय बांधाचे हाय म्हटलं, त बरोबर उठले!”

चार दिवसांत पट्टे तयार झाले. ताणा जाड सुताचा, काठ कोशाचा, आणि त्या काठावर करवतीचे बारीक लाल दात, जसे लुगड्याला असतात अगदी तसे. कच्च्या कोशाचा तो किंचित रानटी, ओल्या सालीसारखा वास. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला रेशमाचा एकेक लाल गोंडा. मामाजींनी ते पेडलला गुंफले आणि गाठीची रीत मला सविस्तर समजावली. पाय कसा घालायचा, कुठे आवळते, काय करायचे, काय नाही. मी योग्य ठिकाणी मान डोलावत होते. माझे सारे लक्ष त्या लाल रंगाकडे होते. पळसाचा म्हणावा की कुंकवाचा, हे माझे ठरत नव्हते.

“अवघा जिल्हा मधातून तुटला,” समारोपादाखल मामाजी म्हणाले, “पर हे नाई तुटाचे.” (भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याला बरीच वर्षे लोटली, मामाजींनी अद्याप मान्यता दिलेली नाही.)

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितले, “हे पट्टे जिवापाड सांभाळजो वं. मामाजी म्हणून राहिले का हे टिकले त नवा ताणा लावतो, लुगडंच विणतो. तुटले त समजून घे, ते परत मागावर नाई बसाचे.”

एवढी जोखीम दोन पायांत बांधून मी रविवारी निघाले. मामाजींनी स्वतः सायकल धरली, पट्टे आवळले, आणि बाहेर आलेले गोंडे तसेच लोंबू दिले. कोपऱ्यावरून वळताच मी ते वाकून हळुवारपणे बुटाच्या कडेत खोचले. इतकी नाजूक शोभा चेनच्या ग्रीसमध्ये मळावी, हे मला बघवले नसते.

पट्ट्यांचा गुण वादातीत होता. पाय वर येतानाही खरोखर जोर लागत होता. कापलेल्या बांध्यांचा करकरीत वास, तणसावर बसलेले बगळे, वाऱ्याची गार कडा गालावर. आसगाव कधी आले, कळलेसुद्धा नाही. चौकात थांबून पाणी प्यावे म्हणून मी उजवा पाय ओढला. तो आला नाही. डावा ओढला. तोही आला नाही. जितका ओढावा तितका पट्टा आवळत होता. लेस सोडवून बुटातून पाय काढावा, तर लेस पट्ट्याखाली गच्च दाबलेली.

मी शांतपणे विचार केला. थांबले तर पडेन. न थांबले तर पडणार नाही. तेव्हा न थांबताच घरी जावे, तिथे मामाजी धरतील. या योजनेत मला आजही तर्कदोष सापडत नाही. चौकाला मी एक घेर घेतला. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक ओट्यावरून चहाला बोलवत होते. “येताना येते,” असे म्हणत मी दुसरा घेर घेतला आणि परतीच्या रस्त्याला लागले. ते बराच वेळ हात वर करून उभे होते.

मळणी नुकतीच झाली होती. आमच्याकडे त्या दिवसांत अर्धा डांबरी रस्ता वाहनांचा असतो आणि अर्धा धानाचा. गावाबाहेर एका कुटुंबाने लांबच लांब धान वाळत घातले होते, कडेला ढीग होता, आणि समोरून बस येत होती. बस आणि धान यांतून मी धान निवडले. धानाचा ढीग सोन्यासारखा दिसतो, असे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. जवळून तो खाजतो.

ढिगामागून एक बाई धावत आली. तिचे नाव शेवंता. तिची मुलगी माझ्याच वर्गात शिकत होती.

“मॅडम, लागलं का?”

“नाही.”

“मंग उठा ना. आमचं धान दबून राहिलं.”

उठता येत नाही, दोन्ही पाय बांधलेले आहेत, असे मी सांगितले. ती वाकून पाहू लागली.

“कोणं बांधले?”

“सासऱ्यांनी.”

तिने आपल्या नवऱ्याकडे पाहिले. मग माझ्याशेजारी उकिडवी बसून, आवाज अगदी खाली आणून तिने विचारले, “लय तरास हाय का घरी?”

मी सर्व खुलासा करेपर्यंत नवरा विळा घेऊन आला होता. मी दोन्ही हातांनी पट्टे झाकले. आडवे पडून, सायकलीला जखडलेल्या अवस्थेत दोन्ही हात पायांपर्यंत नेणे योगासनांत बसते की नाही ठाऊक नाही. पण मी ते साधले. कापू नका, मी म्हटले. या पट्ट्यांसाठी एक म्हातारा तीन वर्षांनी मागावर बसला आहे, हे तुटले तर तो पुन्हा बसायचा नाही. शेवंताने नवऱ्याच्या हातून विळा काढून घेतला. मग त्याने पेडलच खोलायचे ठरवले, पण ट्रॅक्टरचा पाना त्या नटाला फार मोठा पडला. तेवढ्यात शेवंताला माझ्या बुटात खोचलेला गोंडा दिसला. तो बाहेर काढून तिने बोटाने चाचपला.

“याले ओढून पाहू का?”

“नको,” मी म्हणाले. “तो शोभेचा आहे. तुटेल.”

“शोभेले येवढी पक्की दोरी?”

तेव्हा, धानात आडवी पडल्या पडल्या, मी तिला सांगितले की खऱ्या कारागिराला उपयोग पुरत नाही. गरज संपते तिथून त्याचे सौंदर्य सुरू होते. शेवंता माझ्याकडे तिच्या मुलीसारखीच पाहत होती, म्हणजे दुसरीकडे.

अखेर त्यांनी मला सायकलीसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवले. आडवे नेले तर घोटा दुखे, म्हणून सायकल पोत्यांच्या मधोमध उभी केली, एकीकडून शेवंताने धरली, दुसरीकडून तिच्या जावेने, आणि मी सीटवर विराजमान झाले. ट्रॅक्टरने प्रत्येक खड्ड्याला न्याय दिला. तोल जाऊ नये म्हणून मला पेडल उलटे मारत राहावे लागत होते. अशा रीतीने मी पवनीत प्रवेश केला. दोन म्हाताऱ्यांनी सवयीने हात जोडले. कोणीतरी मोबाइल काढून विचारले, ही कशाची जनजागृती? शेवंताचा नवरा ट्रॅक्टरवरून, इंजिनाच्या आवाजावर मात करीत, प्रामाणिकपणे ओरडला, “काई नाई गा, सासऱ्यानं बांधली!” यजमान पानठेल्यावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ट्रॅक्टरकडे पाहिले, आणि मग आयुष्यात प्रथमच चुन्याच्या डबीचे इतक्या बारकाईने निरीक्षण केले.

वार्ता आमच्याआधी घरी पोहोचली होती. आत्याबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या.

“तुले आम्ही बांधून ठेवतो म्हणे? अन् ट्रॅक्टरवर बसून गावभर सांगत आली?”

मामाजी ओट्यावरून उठले, ट्रॉलीला धरून सावकाश वर चढले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. वाकून पट्टे पाहिले, काठावरून नख फिरवले, करवतीचे दात मोजल्यासारखे केले.

“टिकले?”

“टिकले, मामाजी,” मी म्हणाले. “विळ्यालाही हात लावू दिला नाही.”

त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी दोन्ही हातांत दोन गोंडे धरले आणि एकच झटका दिला. पट्टे फुलासारखे उमलले आणि माझे पाय मोकळे झाले.

शेवंता माझ्याकडे पाहत होती. या वेळी दुसरीकडे नाही.

“मी सांगतलं होतं ना?” मामाजी म्हणाले. “पाय ओढला का आवळते, गोंडा ओढला का सुटते.”

“सांगितलं होतं.”

“मंग तू तवा काय करून राहिली होती?”

पळस की कुंकू, हे उत्तर भर रस्त्यात, दोन पोती धान केसांत घेऊन देता येण्यासारखे नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मागावर नवा ताणा चढला. लुगड्याआधी मात्र मामाजींनी पट्ट्यांची दुसरी जोडी विणून माझ्या हातात ठेवली. “वाचणाऱ्या मानसाले लिहूनच द्या लागते,” ते म्हणाले. गोंड्याच्या अगदी वर, लाल कोशात, दोन शब्द विणलेले होते: इथे ओढा.

एवढ्या वर्षांच्या वाचनात पहिल्या भेटीतच पूर्णपणे कळलेली अशी ही एकच ओळ. तीही मी वर्गात नेऊन दाखवली, तेव्हा शेवंताच्या मुलीने हात वर करून विचारले, “मॅडम, याचा अर्थ तुम्हाला कोणी समजावला?”