मी अस्सल ठरवलेलं पाकीट

दादांनी मोबाइल काउंटरच्या काचेखालून आत सरकवला आणि म्हणाले, "सुमन, जरा देख. अस्सल आहे की नाही, एवढंच सांग."

माझ्यासमोर लाइनीत सहा माणसं होती. मी वाराणसीतल्या एका पोस्टात फिलाटेली काउंटर सांभाळते, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांची खिडकी. त्या दिवशी बाजूची बाई रजेवर होती, म्हणून स्पीड पोस्टही माझ्याच गळ्यात. नवी तिकिटं विकणं आणि शाळांत जाऊन मुलांना पोस्टाची माहिती देणं हे माझं काम. जुनं तिकीट खरं की खोटं ते सांगणं माझ्या कामात बसत नाही. पण सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसलं की आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. मला तरी वाटायला लागलं होतं.

दादा बालाजी घाटावरचे आमचे शेजारी. पाठशाळेत व्याकरण शिकवून रिटायर झाले आणि पाकिटं जमवायला लागले. महाराष्ट्रातले यात्रेकरू काशीला निघण्याआधी इथल्या आपल्या उपाध्यांना पत्र टाकायचे, की अमुक तिथीला येतो, इतके जण आहोत, श्राद्धाची तयारी ठेवा. अशा पत्रांची चाळीसेक पाकिटं दादांकडे होती, पण त्यांच्या स्वतःच्या घरचं एकही नव्हतं. त्यांचे वडील उपाध्येच. ते गेले तेव्हा घरच्या रीतीप्रमाणे त्यांचे सगळे कागद दादांनी गंगेत सोडले. तेव्हा काही वाटलं नाही, आता फार लागतं, असं ते मला एकदा म्हणाले होते.

आणि मोबाइलवर, एका ऑनलाइन विक्रेत्याच्या पानावर, त्यांच्या वडिलांच्या नावाचं पाकीट होतं. वळणदार अक्षरात पत्ता. वर आण्यांच्या काळातलं एक तिकीट, सहसा न मिळणारं. त्यावर साताऱ्याचा गोल शिक्का, साल चोपन्न. महिन्याभराने शहरात तिकिटांचं प्रदर्शन होतं आणि दादांना आपल्या अल्बमच्या पहिल्या पानावर हेच पाकीट लावायचं होतं.

मी चष्मा पुसला आणि फोटो मोठा केला. तज्ज्ञ लोक करतात ते सगळं केलं. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर उमटलाय का ते पाहिलं. नुसत्या तिकिटावरच असेल तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असू शकतं. इथे तो दोन्हींवर होता. तिकिटाच्या कडेचे दाते मोजले, तेही बरोबर. विक्रेत्याने खाली लांबलचक माहिती दिली होती, ती मात्र वाचली नाही. फोटो समोर असताना वाचायचं कशाला?

एवढ्यात लाइनीतल्या एका तरुणाने स्पीड पोस्ट पुढे केलं. पत्त्यात पिनकोड नाही. या गोष्टीने माझं डोकं कायम फिरतं. मी दादांचा मोबाइल उचलून त्याच्यासमोर धरला.

"देखिए, चौवन का आदमी भी पिन लिखता था. और आप एम.ए. करके नहीं लिखते."

बिचाऱ्याने खाली मान घालून पिन लिहिला. लाइनीतल्या दोघांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

"दादा, शंभर टक्के अस्सल," मी म्हणाले. "घ्या डोळे मिटून."

आठवड्याने पाकीट आलं. प्रदर्शनासाठी सोबत काही लिहून दे, असं दादा म्हणाले, तर मी कोऱ्या कागदावर 'तपासले, अस्सल आहे' असं लिहून खाली हुद्द्यासकट सही ठोकली. हुद्दा लिहायची काही गरज नव्हती.

तीन दिवसांनी मी एका मुलींच्या शाळेत भाषण देत होते. दरवर्षी तेच भाषण, मला पाठ आहे. "पिनकोड हमारे देश में सन बहत्तर में आया," मी म्हणाले आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मैडम, उससे पहले चिट्ठी पर क्या लिखते थे?"

"कुछ नहीं," मी म्हणाले आणि खुर्चीत बसले. वर्गावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं मला ऊन लागलं.

चोपन्न सालच्या पाकिटावर पिनकोड. सव्वीस वर्षं मी लोकांच्या पत्त्यात पिन नाही म्हणून भांडत आले, त्यामुळे असलेला पिन मला खटकलाच नाही. उलट मी त्याचं कौतुक केलं, तेही भर काउंटरवर. घरी जाताना मी विक्रेत्याचं पान उघडून सगळं वाचलं. शेवटची ओळ होती, तिकीट आणि शिक्का यांची हमी दिली जात नाही. त्याच्याकडे आणखी चार पाकिटं विक्रीला होती. चार वेगवेगळी गावं, पण प्रत्येक शिक्क्याचं वर्तुळ उजवीकडे एकाच जागी तुटलेलं. दादांच्या पाकिटावरही तसंच.

दादा ओसरीवर बसून पहिल्या पानावर रेघा आखत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "दादा, ते पाकीट नकली आहे."

"पिनमुळे ना?" ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"फोटोतच खटकलं होतं. मग वाटलं, पोस्टात आधीपासून काही चालत असेल, हिला माहीत असणार. तू हो म्हणालीस, मग मी कशाला शक करू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी पाकीट उलटं केलं. मागे 'जुना संग्रह' असं छापलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. मागच्या बाजूचा फोटो विक्रेत्याकडून आधीच मागवायचा असतो. मी तोही मागवला नव्हता. चिठ्ठीच्या कडेला पाण्याचं बोट लावत राहिले आणि पाच मिनिटांनी ती सुटली. खाली वाराणसीचा शिक्का निघाला. पत्र पोचलं की पोचल्या गावचं पोस्ट मागे शिक्का मारायचं, तो हा. साल अठ्ठ्याहत्तर.

म्हणजे पाकीट खरं होतं. त्याचं मूळ साधं तिकीट कुणीतरी काढून घेतलं होतं आणि त्या जागी कुणीतरी जुनं, किमती तिकीट लावून घरी बनवलेला शिक्का मारला होता.

दादांनी तो शिक्का स्वतः वाचला. मग म्हणाले, "बाबा आतलं पत्र ठेवून घ्यायचे आणि लिफाफा मोहल्ल्यातल्या पोरांना द्यायचे. तिकिटासाठी. म्हणून हा गंगेत गेला नसणार." पाकिटावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "म्हणजे हे बाबांच्या हातात पडलं होतं?"

"हो दादा. ते मात्र नक्की."

"मग रिटर्न नको करू."

विक्रेत्याची तक्रार मी त्याच दिवशी केली. पान बंद झालं. दहा दिवसांनी तीच चार पाकिटं दुसऱ्या नावाच्या पानावर दिसली. त्याचीही केली.

प्रदर्शनात पाकीट पहिल्याच पानावर होतं, मागची बाजू वर करून. शेजारी पुढच्या बाजूचा फोटो आणि दादांच्या अक्षरात ओळ होती: 'तिकीट नकली, पुढचा शिक्का नकली, पत्ता आमच्या घरचा.' त्याखाली माझा सहीचा कागद. तो लावा असं मीच म्हणाले होते. मला वाटलं, दादा नको म्हणतील. पण ते जन्माचे मास्तर. चूक दाखवल्याशिवाय मुलांना शुद्ध कळत नाही, असं म्हणून त्यांनी तो नीट चौकोनात बसवला.

सगळ्यांत जास्त गर्दी त्याच पानापुढे होती. आमचे पोस्टमास्तर साहेब आले, वाकून कागद वाचला, पुन्हा वाचला.

"मैडम, ये दस्तखत भी नकली है क्या?"

"नहीं सर," मी म्हणाले. "वो असली है."

आता कुणी काचेखालून मोबाइल सरकवला की मी आधी पत्ता वाचते, मग मागची बाजू मागते, मग विक्रेत्याची शेवटची ओळ. हुद्दा लिहीत नाही.