वजीफ्यासाठी अव्वाचा जबाब

सरकारी वजीफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, शिकलेला माणूस म्हणून आमच्या भागात माझं कौतुक होतं. शाळांच्या बक्षीस समारंभाला बोलावतात, हार घालतात आणि पोरांना चार शब्द सांगा म्हणतात. काय डोंबल सांगणार? वजीफा नुसत्या हुशारीवर मिळतो असं म्हणणारा एक तर मूर्ख असतो, नाही तर त्यानं कधी अर्ज केलेला नसतो. मी केला होता आणि मला मिळाला. कसा मिळाला ते हार घालणाऱ्यांना सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितो.

आमचं गाव खटकचिंचोळीपासून दोन कोसांवर. राज्य निजामाचं. घरात मी, अप्पा आणि अव्वा, म्हणजे वडील आणि आई. थोडी जमीन आणि गुळाचा किरकोळ व्यापार. बोलणं मराठीत, देवाचं कानडीत आणि कचेरीत तोंड उघडायचं तर उर्दूत. मी मॅट्रिक झालो, बऱ्यापैकी मार्क घेऊन झालो, आणि हैदराबादेला कॉलेजात जायचं डोक्यात घेतलं. वजीफा मिळाला तर कॉलेज, नाही तर जन्मभर गुळाच्या ढेपा, इतका सरळ मामला होता.

आधी हुमनाबादच्या एका शेठकडं गेलो. जातीतल्या हुशार पोरांना हा शिकवतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती पसरवायचं काम तो स्वतःच करायचा. त्यानं मला ओसरीवर बसवलं आणि त्याला कुणीतरी दिलेलं मानपत्र वाचायला लावलं. एकदा मराठीत, मग त्याच्या म्हातारीला कळावं म्हणून कानडीत, मग पाहुणा आला होता त्याच्यासाठी उर्दूत. 'दानशूर' हा शब्द आला की शेठ डोळे मिटायचा. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाला, "पोरगं वाचतंय ब्येस. पुढच्या साली ये." मी पुन्हा त्याचं तोंड बघितलं नाही.

मग हेडमास्तरांनी सरकारी जरीदा दाखवला, म्हणजे राजपत्र. त्यात वजीफ्याची नोटीस होती. अट एकच, मुलगा मुल्की पाहिजे, म्हणजे संस्थानचाच. बाहेरच्यांनी इथल्या नोकऱ्या आणि वजीफे लाटू नयेत म्हणून तो नियम होता. तालुक्याच्या कचेरीतून मुल्की असल्याचा दाखला आणायचा. कुठली कचेरी ते सांगत नाही. त्या काळात एक बघितली की सगळ्या बघितल्या.

कचेरीबाहेर लिंबाखाली एक अर्जनवीस बसायचा. सगळ्या तालुक्याची दुःखं त्याच्या हातून कागदावर उतरायची आणि त्याला एकाचंही सोयरसुतक नसायचं. तरी त्या दिवशी शहाणपणाचा एक शब्द बोलला तो तोच. जन्मगावाचा रकाना आला तेव्हा म्हणाला, "इथलंच गाव लिवतो. भानगड नको."

"इथलं कामून?" अप्पा उसळले. "पहिलं लेकरू हाय. माहेराला झालंय. सासऱ्यानं सातव्या महिन्यात गाडी धाडून नेलं, पाळण्याला अख्खं गाव जेवलं. इथलं लिवलास तर लोक काय म्हणतील? आमचे सोयरे काय भिकारी हायेत व्हय?"

आमच्याकडं पहिलटकरीण सासरी बाळंत झाली की दोन्ही घरांचं नाक कापलं जायचं. माहेरची गाडी आली नाही म्हणजे एक तर बाप दरिद्री, नाही तर लेक नकोशी. अव्वाचं माहेर होतं सोलापूरच्या बाजूला, इंग्रजांच्या मुलखात. शिवेवर ना नदी ना डोंगर, शेताच्या बांधाला बांध. बैलाला सुद्धा सरहद्द कुठली ते कळत नव्हतं. अर्जनवीसानं खांदे उडवले आणि लिहिलं. मला उर्दू येत होतं, जरीद्यातली अट मी वाचली होती, आणि शेजारी बसून मी मान डोलवली. अप्पा अडाणी होते. मी तर मॅट्रिक होतो, म्हणजे जास्तच बिनडोक.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. पैदाइश गैरइलाख्यात, म्हणजे जन्म परक्या मुलखात, सबब उमेदवार गैरमुल्की. सात पिढ्या ज्या मातीत गेल्या तिथं मी परका ठरलो. कारण काय, तर माझी आई आपल्या आईकडं बाळंत झाली!

अप्पांनी दुसरा अर्ज केला. पहिल्यात चूक झाली, मुलगा इथंच जन्मला. कचेरीतला अहलकार, म्हणजे कारकून, आमच्याच मुलखातला माणूस. पान चघळत दोन्ही अर्ज शेजारी ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "बापाला म्हाईत न्हाई पोरगं कुठं झालं? मग आईलाच इचारू. आणा तिला जबाबाला."

अव्वा त्याआधी कधी कचेरीची पायरी चढलेली नव्हती. ती नको म्हणाली. अप्पा दोन दिवस घुम्यासारखे बसले, आणि तिला तयार कुणी केलं? मी. "कागदावरची एक ओळ हाय गं अव्वा. कोण वाचायलंय ती?" ती म्हणाली, "तुला लई शिकायचंय व्हय रं?" मी म्हटलं, "व्हय." मग तिनं पेटीतून ठेवणीतलं इरकल लुगडं काढलं.

अर्जनवीसानं तिला पढवलं होतं. माहेरची गाडी कामून आली न्हाई असं विचारलं तर म्हणायचं, वाटेतल्या मांजरा नदीला पूर होता. अव्वा कचेरीच्या व्हरांड्यात डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिली. आजूबाजूला गावोगावचे बाप्ये, त्यांत आमच्या बाजाराचे दोन-चार ओळखीचे. अहलकारानं तिला देवाची शपथ घ्यायला लावली आणि नेमकं तेच विचारलं. पहिलटकरीण आणि सासरी कशी?

"पूर हुता मांजरेला."

अहलकारानं अर्जावर बोट ठेवलं. "जन्म खुर्दादचा." खुर्दाद म्हणजे सरकारी पंचांगातला भर उन्हाळ्याचा महिना. "खुर्दादमध्ये मांजरेत बैलाला प्यायला पाणी नसतंय, बाई. पूर कुठला?"

व्हरांडा हसला. अर्जनवीस स्वतः हसला, ज्यानं तो महिना स्वतःच्या हातानं लिहिला होता तो! अप्पा जोड्यांकडं बघत होते. मी अव्वाच्या पाठीमागं उभा होतो, आणि माझ्या मनात एकच होतं: गेलं, कॉलेज गेलं.

अव्वा बोलली तेव्हा आवाज चढवून बोलली. "मला न्यायला कुणी आलंच न्हाई. बापाला जड झाले मी. हितंच पडले, हितंच बाळंत झाले. लिवा."

हसणं थांबलं. अहलकारानं पानाची पिंक टाकली आणि लिहून घेतलं. असलं खोटं कुठली बाई स्वतःहून बोलेल? म्हणून ते त्याला खरं वाटलं. अव्वानं अंगठा उठवला. दाखला मिळाला, महिन्याभरात वजीफाही मंजूर झाला, आणि मला आनंद झाला. झाला, खोटं कशाला बोलू? गावभर पेढे वाटले.

ती ओळ मात्र सगळ्यांनी वाचली. बाजारात बसणाऱ्यांना दुसरा उद्योग काय? आठ दिवसांत ती सरहद्द ओलांडून आजोबांच्या कानावर गेली. आजोबा आले नाहीत. त्यांचा गडी आला आणि दारातूनच निरोप सांगून गेला. "ज्या बापाला लेक जड झाली, त्याच्या दाराला तिनं येऊ नये." अप्पांनी दोनदा माणूस धाडला, खरं काय ते कळवलं. म्हातारा म्हणाला, देवाची शपथ घेऊन सांगितलं तेच खरं. त्याच्या गावानं माझ्या पाळण्याचं जेवण जेवलेलं होतं, तरी बाजारातल्या चार रिकामटेकड्यांच्या हसण्यापुढं त्याला लेक दिसेना. असला ताठा मी दुसरीकडं बघितला नाही. त्यानंतर अव्वाला ना पंचमीची गाडी आली, ना दिवाळीचं बोलावणं.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी माझ्या खोलीत कायदा शिकणारा एक पोरगा होता. त्याच्या पुस्तकात मुल्कीचे नियम होते. मी सहज चाळले. बाप मुल्की असला की पोरगा मुल्की, मग जन्म कुठंही होऊ दे. साफ लिहिलं होतं. मी तीनदा वाचलं. पहिला अर्ज बरोबर होता. त्या पानखाऊ अहलकाराला नियम माहीत नव्हता, आणि आमच्यातल्या एकालाही तो विचारायचं सुचलं नाही. त्या सुट्टीत मी घरी गेलो आणि अव्वाला काही बोललो नाही.

संस्थान संपायच्या आधीच्या गडबडीच्या साली सरहद्दीवरच्या गावांतल्या बाया पोरंबाळं घेऊन पलीकडं गेल्या. ज्यांचं माहेर तिकडं होतं त्या माहेरी राहिल्या, बाकीच्यांसाठी छावण्या होत्या. अप्पा घर राखायला मागं राहिले. अव्वाला शोधत मी गेलो तर ती छावणीत पत्र्याच्या शेडखाली सापडली. तिच्या बापाचं घर तिथून अर्ध्या कोसावर होतं.

"चल की, मी घेऊन जातो," मी म्हटलं.

"गप बस," ती म्हणाली.

दुपारी आसपासच्या गावांतली माणसं टोपल्या भरून भाकरी घेऊन आली. बाया ओळीनं बसल्या. आमच्या ओळीला वाढायला आजोबा होते. थकले होते. एकेका बाईपुढं थांबत होते, "खा माय, लाजू नको," म्हणत होते. अव्वापुढं आले. तिनं हात पुढं केले. त्यांनी दोन भाकरी ठेवल्या, एक शब्द न बोलता, आणि पुढच्या बाईकडं सरकले.

"खा माय, लाजू नको," तिला म्हणाले.

अव्वानं एक भाकरी माझ्याकडं केली. मला भूक लागली होती. मी खाल्ली.