योगिनीने फोडलेलं गुप्त मतदान

योगिनीला गप्प बसणं कधी जमलंच नाही. रत्नागिरीत ती कॉम्प्युटर शिकवते. भर मांडवात भटजींना "अहो, एक मंत्र राहिला" म्हणून अडवणारी नवरी वाडीने तिच्याच रूपात पहिल्यांदा पाहिली.

तिचे सासरे आप्पा चाळीस वर्षं वाडीच्या नमनात, शिमग्याच्या नाच-सोंगांच्या खेळात, मृदंग वाजवत आलेले. हल्ली ताल चुकायचा, नाचणारे अडखळायचे, पण सांगणार कोण? शेवटी मंडळाचा सेक्रेटरी निलेश याने मोबाइलवर गुप्त मतदान घेतलं. कौल आला, मृदंग आप्पांकडे नको.

सभेत आप्पा मांडीवरचा मृदंग घट्ट धरून उसळले, "कोण ते? नावं कळल्याशिवाय मी हा सोडत नाय!"

"नावं कळायचीच नाहीत," निलेश ऐटीत म्हणाला. मतांच्या यादीत नावाऐवजी त्याने प्रत्येकाच्या मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांचा हॅश टाकला होता, म्हणजे चौसष्ट अक्षरांची नुसती गिचमीड. "यातून आकडा परत काढणं ब्रह्मदेव आला तरी जमायचं नाही!"

झालं! योगिनीला राहवेना. "परत काढायचाच कशाला, शहाण्या? चार शून्यांपासून चार नवांपर्यंत आकडे दहाच हजार. त्याच आकड्याचा हॅश दरवेळी तोच येतो. सगळ्यांचे काढायचे नि तुझ्या यादीशी जुळवायचे. आकडा मिळाला की कुणाचा ते मोबाइलमध्ये आहेच. माझी स्क्रिप्ट चहा गाळेपर्यंत करील!"

"मग कर की गो," आप्पा म्हणाले.

तिने लॅपटॉप उघडला, दहा ओळी खडाखड लिहिल्या, एंटर दाबलं. आणि तेव्हा कुठे बाईसाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. मेले! विरोधातलं एक मत तर माझंच!

आकडे धडाधड उतरले. चौथ्या ओळीत तिचा. पुसायला कितीसा वेळ? बोट बटणावर गेलंही.

आप्पा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. "वाच. तू खोटं बोलायची नाहीस."

"आप्पा, एक मी."

आप्पांनी चष्मा काढला.

"अख्ख्या वाडीला तोंडावर सुनावतेस. मलाच का नाय सांगितलंस?"

"तुमचं तोंड आत्ता झालंय तसं झालं असतं म्हणून," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

 आप्पांनी मृदंग उचलून झांजवाल्या दादूच्या मांडीवर ठेवला. बाकीची नावं त्यांनी विचारली नाहीत.