सदर झरा

२०२२ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, तीही भातलावणीचे दिवस वगळून. पण छापलेले वाचतो आणि वाचलेले विसरत नाही.

पालीच्या अलीकडे आमची वाडी. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडे पठार, त्याच्या पोटाशी झरा. त्या वर्षी सड्यावर जांभ्या दगडाची चिरेखाण येणार अशी कुणकुण होती. खाण झाली की झरा आटणार, हे सांगायला शिक्षण लागत नाही. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आमच्या गावाचे पान आहे. ते कुणीही लिहावे, कुणीही खोडावे. सुनेकडून मी त्यात एक ओळ घालून घेतली होती, ‘वाडीचा झरा बारमाही वाहतो.’

वैशाखात तिने पान उघडले तर तिथे, ‘सदर झरा हंगामी स्वरूपाचा आहे.’ लिहिणाऱ्याचे नाव नाही, नुसते त्याच्या संगणकाचे आकडे.

“कुणीतरी मस्करी केलीन असेल,” सून म्हणाली.

“मस्करी करणारा ‘सदर’ लिहील? आपल्या वाडीत सदर काय आहे गो? सदर बैल की सदर सासरा? हा कचेरीतला माणूस. झरा हंगामी ठरला की खाणीला वाट मोकळी.”

“आबा, तुम्हाला सगळीकडे कचेरीच दिसते.”

दोन दिवसांनी तीच मोबाइल घेऊन मागीलदारी आली. आपोआप चालणारा एक प्रोग्राम आहे म्हणे. सरकारी कचेऱ्यांच्या संगणकांचे आकडे त्याला पाठ. तिथून कुणी नाव न घालता ज्ञानकोशात बोट घातले, की तो ते जगजाहीर करतो. त्यात आमचा झरा होता. आकडे रत्नागिरीतल्याच एका कचेरीचे.

“तुम्ही जिंकलात,” ती म्हणाली. “पण माणूस कोण, ते त्यालाही कळत नाही.”

“त्याला दोन दिवस लागले. मला एक शब्द पुरला.”

“ओळ परत घालू?”

“घाल. तो पुन्हा खोडील. ओळ खोडता येते त्याला, पाणी कसे खोडतो ते बघू.”

माझी सही वाकडी आहे, पण आजवर एकही कागद मी सहीवाचून दिलेला नाही. त्या संध्याकाळी ‘झरा बारमाही आहे, खाणीला परवानगी देऊ नये’ असा अर्ज लिहिला आणि खाली ती वाकडी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच झऱ्यावर गेलो, कळशी भरली, तिच्या तोंडाला फडके बांधले आणि पहिल्या एस.टी.ने रत्नागिरी गाठली. त्याच कचेरीची आवक खिडकी उघडली तशी अर्ज आत सरकवला, त्यावर कळशी ठेवली आणि म्हटले, “सदर पाणी आज सकाळचे आहे. पोच द्या.”